बंदुकीच्या दारूचे माप

श्रोतेहो, तोळा, मासा आणि गुंज ही मापे आता सोनाराच्या दुकानातूनही मागे पडली आहेत. तरी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ते लगेच सांगतील : आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. इंग्रजी अमलात १८३३ साली या तोळ्याचे वजन १८० ग्रेन असे ठरवून देण्यात आले. म्हणजे एका गुंजेला पावणेदोन ग्रेनांहून थोडे अधिक. हा हिशेब आरंभीच सांगायचे कारण असे, की आज ज्या गोष्टीचा इतिहास आपल्यापुढे ठेवायचा आहे, तिच्यात माणसाचा हात, डोळा आणि कधी कधी प्राणही दोन गुंजांच्या फरकावर अवलंबून असतो. ही गोष्ट म्हणजे बंदुकीत घालायच्या दारूचे माप, आणि ते माप बरोबर पडले की नाही हे तपासण्याची रीत.

कोकणात किंवा घाटमाथ्यावर पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणारे शेतकरी आपल्यापैकी काही जणांनी पाहिले असतील. तिचा बार कसा भरतात? नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, वर बोंदरा घालायचा, मग छर्रे किंवा गोळी, पुन्हा बोंदरा, आणि लांब गजाने सारे घट्ट ठासायचे. शेवटी मागच्या बाजूला केप बसवायची. चाप ओढला की केप फुटते, तिची ठिणगी आतल्या दारूला लागते आणि बार होतो. यात अडचण कोणती, ती लक्षात घ्या. एकदा ठासले, की नळीच्या आत काय आहे ते डोळ्याला दिसत नाही. बंदूक भरलेली आहे की रिकामी, एकदा भरली की दोनदा, हे बाहेरून सांगता येत नाही.

जुन्या शिपाईगड्यांनी यावर दोन उपाय काढले होते. पहिला उपाय, दारू आधीच मोजून ठेवण्याचा. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपातील बंदूकधारी शिपाई खांद्यावरून एक पट्टा घेत आणि त्या पट्ट्याला लाकडी कुप्या लटकत. एका कुपीत एकाच बाराची दारू. पुढे सतराव्या शतकात स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ याच्या फौजेत कागदी काडतुसांचा वापर वाढला. कागदाच्या पुडीतच मोजलेली दारू आणि गोळी. शिपायाने पुडी दाताने फाडायची, दारू नळीत ओतायची आणि गोळी ठासायची. दाताने फाडायच्या या कागदी काडतुसाने १८५७ साली आपल्या देशात काय आग लावली, ते शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. त्या वेळी वाद उठला तो कागदाला लावलेल्या चरबीवरून. परंतु पुडी करण्यामागचा मूळ हेतू साधा होता. लढाईच्या धामधुमीत शिपायाला दारू मोजत बसावे लागू नये.

दुसरा उपाय याहून सोपा. गजावर खूण करायची. रिकाम्या नळीत गज तळापर्यंत सोडला असता नळीच्या तोंडाशी जिथे येतो, तिथे एक रेघ. नेमका एक बार भरलेला असताना जिथे येतो, तिथे दुसरी रेघ. मग केव्हाही शंका आली, की गज आत सोडून पाहावे. रेघ पहिली दिसली तर बंदूक रिकामी, दुसरी दिसली तर भरलेली, आणि गज त्याहूनही वर राहिला तर समजावे की काहीतरी घोटाळा आहे. श्रोतेहो, ही गजावरची रेघ ध्यानात ठेवा. आपल्याला ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

उपाय होता, पण वापरायला सवड हवी ना! १८६३ च्या जुलैमध्ये अमेरिकेतील यादवी युद्धात गेटिसबर्ग येथे तीन दिवस घनघोर लढाई झाली. लढाईनंतर रणांगणावर पडलेल्या बंदुका गोळा करून तपासण्यात आल्या. त्यांची संख्या २७,५७४ भरली. त्यांपैकी सुमारे २४,००० बंदुका भरलेल्या स्थितीत होत्या. या भरलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या बंदुकांत दोन-दोन बार होते, सुमारे ६,००० बंदुकांत तीनपासून दहापर्यंत बार एकावर एक ठासलेले होते, आणि एका बंदुकीतून तर २३ बार निघाले! हे कसे झाले असेल? आजूबाजूला हजारो बंदुका कडाडत आहेत, धुराने समोरचे दिसत नाही, छातीत धडधड चालली आहे. शिपायाने बार ठासला, पण केप बसवायला तो विसरला, किंवा केप फुसकी निघाली. चाप ओढला. आपली बंदूक उडाली की शेजाऱ्याची, हे त्या कल्लोळात कळायला मार्ग नाही. हात मात्र कवायतीत शिकल्याप्रमाणे चालूच. पुन्हा दारू, पुन्हा गोळी, पुन्हा ठासणी. हाताला सवयीने काम येत होते, पण पहिला बार झाला की नाही हे त्या हाताला कोणी सांगत नव्हते.

कोणी म्हणेल, हे घाबरलेल्या शिपायाचे झाले. शिस्तीच्या आणि यंत्रांच्या जागी असे होणार नाही. तर आता एका युद्धनौकेची हकिकत ऐका.

इंग्रजांच्या आरमारात ‘थंडरर’ नावाची एक चिलखती नौका होती. तिच्या पुढच्या फिरत्या मनोऱ्यात ३८ टन वजनाच्या, बारा इंच तोंडाच्या दोन प्रचंड तोफा होत्या. या तोफाही तोंडाकडूनच भरायच्या. पण माणसाच्या हाताने नव्हे. तोफेचे तोंड खाली झुकवायचे, आणि पाण्याच्या दाबावर चालणारा यांत्रिक गज दारूची पिशवी आणि गोळा आत ढकलून देई. मागच्या मनोऱ्यातील तोफा मात्र जुन्या रीतीने हातानेच भरल्या जात. २ जानेवारी १८७९ रोजी ही नौका मार्मारा समुद्रातील इझमितच्या आखातात तोफांचा सराव करीत होती. पुढच्या मनोऱ्यातील दोन्ही तोफा एकाच वेळी डागण्यात आल्या. त्यांपैकी एक उडाली आणि दुसरी उडालीच नाही. एका तोफेच्या गडगडाटात दुसरी गप्प राहिली, हे आत काम करणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही. दोन्ही उडाल्या असे समजून दोन्ही पुन्हा भरण्यात आल्या. यांत्रिक गजाने आपले काम निमूटपणे केले आणि न उडालेल्या बारावर दुसरा बार चढवला. पुढच्या वेळी डागताच ती तोफ फुटली. ११ माणसे जागच्या जागी ठार झाली, आणखी ३५ जण जखमी झाले.

प्रारंभी तर्क अनेक निघाले. कोणी लोखंडाला दोष दिला, कोणी तोफेच्या घडणीला, तर कोणी म्हणाले गोळा पुढे सरकला असावा. अखेर त्याच मनोऱ्यातील दुसरी, जुळी तोफ इंग्लंडात वुलिच येथे नेण्यात आली. इतर शंका तपासून झाल्यावर १८८० साली तिच्यात मुद्दाम एकावर एक असे दोन बार भरून ती उडवली. तीही तशीच फुटली! मग संशयाला जागा राहिली नाही. या अपघातानंतर मागच्या बाजूने उघडणाऱ्या तोफांकडे वळण्याची इंग्रजी आरमाराला जी निकड भासली, तिचे एक कारण हेही होते. मागून उघडणाऱ्या तोफेत डोळा लावून आत पाहता येते. भरलेल्या तोफेत पुन्हा भरायला गेले, तर जागाच नसते.

हातात गज असता, तर तो नेहमीपेक्षा वीतभर वरच अडला हे हाताला कळले असते. यंत्राला फक्त ढकलणे शिकवले होते. अडले तर थांबणे आणि ओरडणे शिकवलेले नव्हते. आपल्या विषयातला सारा धडा या एका गोष्टीत आला आहे.

याच सुमारास बंदुकीतही मोठा पालट झाला. कागदी पुडीच्या जागी पितळी काडतूस आले. पितळेच्या नळकांड्याच्या बुडाशी केप, आत दारू आणि तोंडाला गोळी. बार झाल्यावर दारू जळते, गोळी जाते, केप फुटते. पण पितळी नळकांडे शिल्लक राहते. पितळ काही फुकट येत नाही. मग तेच नळकांडे पुन्हा का भरू नये? जुनी केप काढायची, नवी बसवायची, मोजून दारू घालायची आणि तोंडाला नवी गोळी दाबायची. अमेरिकेच्या पश्चिमेकडील माळांवर १८७० च्या दशकात रानरेड्यांची शिकार करणारे लोक आपली काडतुसे रात्री तंबूत बसून अशीच पुन्हा भरीत. वस्तीपासून शेकडो मैल दूर असलेल्या माणसाला दुसरा मार्गही नव्हता.

त्या काळची दारू म्हणजे काळी दारू. सोरा, कोळसा आणि गंधक यांची. ती जागा फार खाते. अमेरिकन सैन्याने १८७३ साली घेतलेल्या काडतुसाचे नावच मुळी ‘पंचेचाळीस-सत्तर’ असे पडले. पंचेचाळीस म्हणजे इंचाच्या शंभर भागांपैकी पंचेचाळीस भाग जाडीची गोळी, आणि सत्तर म्हणजे सत्तर ग्रेन दारू. आपल्या मापाने तीन गुंजा कमी पाच मासे. एवढी दारू घातली की नळकांडे गोळीच्या बुडापर्यंत भरून जाई. म्हणजे पाहा, भांडे हेच माप झाले. पायलीत पायलीच मावते, दोन पायल्या मावत नाहीत. चुकून दुप्पट घालायला गेले, तर दारू वरून सांडायची आणि चूक तिथल्या तिथे उघडी पडायची.

ही सोय फार काळ टिकली नाही. १८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने धूर न करणारी नवी दारू तयार केली आणि १८८६ साली फ्रान्सच्या सैन्याने तिच्यासाठी नवी रायफल घेतली. पाचसात वर्षांत सारे देश त्याच वाटेने गेले. या दारूचा जोर काळ्या दारूच्या कितीतरी पट. तेव्हा तेवढ्याच कामाला ती थोडी लागते. रायफलीच्या काडतुसात नळकांडे तरी बऱ्यापैकी भरते. पण पिस्तुलाची आणि रिव्हॉल्व्हरची काही नळकांडी काळ्या दारूच्या काळात ठरलेली, म्हणून लांब आणि मोकळी. त्यांत ही नवी दारू तीन-चार ग्रेन, म्हणजे दोन गुंजांच्या आसपास पुरते. पायलीच्या भांड्यात तळाला चिपटेभर धान्य असावे, तसा हा प्रकार. आता त्यात दुप्पट दारू पडली तरी मावते, तिप्पट पडली तरी मावते, आणि वरून गोळी दाबली की काहीच दिसत नाही. दारू सुधारली, धूर गेला, पण भांड्याने आपली राखण करावी ही जुनी सोय त्याबरोबर गेली.

तरीही जोवर काम हाताने सावकाश चालले होते, तोवर एक बचाव शिल्लक होता. काडतुसे भरणारा मनुष्य पन्नास नळकांडी भोके पाडलेल्या लाकडी फळीत ओळीने उभी करतो. सर्वांत दारू घालून झाली, की गोळ्या बसवण्याआधी दिवा वर धरून पन्नासांच्या तोंडांत एकदम डोकावतो. एकूणपन्नासांत दारू एका पातळीला आणि एकात वर किंवा खाली असेल, तर डोळा लगेच तिथे अडतो. ओळीत ठेवलेल्या पणत्यांपैकी एकीत तेल कमी असले तर आपल्याला न मोजता कळते, त्यातलाच प्रकार. जगभरचे सावध लोक आजही हीच रीत पाळतात.

पण माणसाला घाई असते. अमेरिकेत नेमबाजीच्या सरावाला हजारो काडतुसे लागत, आणि एकेक करून भरण्यात संध्याकाळच्या संध्याकाळ जाई. म्हणून १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथील ‘स्टार’ नावाच्या कारखान्याने एक यंत्र काढले. पुढे १९७० आणि १९८० च्या दशकांत ॲरिझोनातील माइक डिलन यांनी अशी यंत्रे सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आणली. इंग्रजीत याला प्रोग्रेसिव्ह प्रेस म्हणतात. आपण त्याला क्रमाने भरणारे यंत्र म्हणू.

शेतकरी बांधवांना ते समजावून सांगायला तिफणीइतका चांगला दाखला नाही. तिफणीवर चाडे असते, चाड्याला नळ्या असतात, आणि चाड्यावर मूठ धरणाऱ्याच्या हातून बी सारखे सुटत राहते. बैल चालत असतात, फण माती उघडतो, बी पडते, माती मिटते; सगळी कामे एका चालीत. या यंत्रातही तसेच. एक फिरती तबकडी असते, तिच्यावर चार-पाच नळकांडी उभी असतात. दांडा एकदा खाली ओढला की एकाची जुनी केप निघते, दुसऱ्यात वरच्या चाड्यातून मापलेली दारू पडते, तिसऱ्यावर गोळी बसते, चौथ्याचे तोंड आवळले जाते. तबकडी एक घर पुढे सरकते आणि एक तयार काडतूस खाली पडते. तासाला काही शेकडा काडतुसे सहज होतात.

आता तिफणीची नळी मध्येच तुंबली तर काय होते? बैल चालतच राहतात, फण माती उकरतच राहतो, आणि एक तास बियाणाशिवाय जातो. ते कळते केव्हा? उगवण झाल्यावर! म्हणून जाणता माणूस मुठीकडेही पाहतो आणि मागच्या नळ्यांकडेही. या यंत्रातही दारूचे कण चाड्याच्या गळ्याशी अडून कमान धरतात आणि एखादे नळकांडे कोरडे जाते. किंवा केप नीट बसली नाही म्हणून माणूस दांडा अर्ध्यावर सोडतो, खटपट करतो आणि पुन्हा ओढतो. तबकडी तेवढ्यात पुढे सरकलेली नसेल, तर त्याच नळकांड्यात दुसऱ्यांदा दारू पडते. बहुतेक चुका अशा काम मध्येच अडल्यावर होतात. कोणी हाक मारली, फोन वाजला, काही अडकले, की मापाचा धागा तुटतो.

दुप्पट दारूचा धोका उघड आहे. चाप ओढताच पिस्तूल हातात फुटू शकते. पण कोरडे नळकांडेही कमी घातकी नाही. त्यात दारू नसली तरी केप असते. केपेच्या जोराने गोळी निघते आणि नळीत मध्येच अडकून बसते. आवाज हलकाच होतो. नेमबाजाने घाईत पुढची गोळी झाडली, की वाट बंद असलेली नळी फुगते किंवा फाटते. ‘थंडरर’वर न उडालेल्या बारावर दुसरा बार चढला, इथे न निघालेल्या गोळीवर दुसरी गोळी जाते. शंभर वर्षांचे अंतर असले तरी चूक तीच.

मग तपासायचे कसे? प्रथम सुचते ते असे, की तयार काडतूस तराजूत घालावे. पण हा उपाय फसवा आहे. पितळी नळकांडी एकसारखी नसतात, गोळ्याही किंचित कमीजास्त असतात, आणि हा फरक चार ग्रेन दारूएवढा सहज होतो. पोत्यासकट गूळ तोलून त्यात खडा आहे की नाही हे ओळखण्यासारखेच ते! तपासणी व्हायला हवी ती दारू पडल्यानंतर आणि गोळी बसण्यापूर्वी, म्हणजे तोंड मिटण्याच्या आधीच्या क्षणाला. म्हणून जाणते लोक यंत्रावर दिवा लावतात आणि प्रत्येक नळकांड्यात डोकावल्याशिवाय गोळी ठेवत नाहीत. शक्य तिथे ते फुगीर दारू निवडतात, म्हणजे दुप्पट पडली तर सांडून दिसेल; काळ्या दारूची जुनी राखण अशी परत आणतात. ठराविक संख्येनंतर एक माप काढून तराजूत तोलतात. काम अडले की त्या वेळी तबकडीवर असलेली नळकांडी बाजूला काढून रिकामी करतात.

डोळा मात्र थकतो. तीनशे वेळा डोकावून तीनशे वेळा ठीक दिसले, की तीनशे एकाव्या वेळी डोळा पाहतो पण मन पाहत नाही. हे ओळखून यंत्रावर आणखी एक घर ठेवण्यात आले. दारू पडल्यानंतर त्या घरी एक बारीक दांडी नळकांड्यात उतरते आणि दारूच्या माथ्यावर टेकते. दांडी ठरल्या खुणेशी थांबली तर काम पुढे जाते. वर थांबली तर दारू जास्त, खाली गेली तर दारू कमी. काही यंत्रांत अशा वेळी घंटी वाजते, तर काहींत दांडाच अडकून बसतो आणि चूक काढल्यावाचून पुढे सरकत नाही.

श्रोतेहो, ओळखलीत का ही दांडी? ठासणीच्या बंदुकीच्या गजावरची ती रेघच इथे परत आली! दारू किती आहे हे तिचा माथा कुठे आहे यावरून पाहायचे, ही युक्ती तीच. भर पडली ती एवढीच, की आता यंत्र अडते आणि बोलते. ‘थंडरर’च्या गजाला जे येत नव्हते, ते या दांडीला येते. तिलाही मर्यादा आहे. दुप्पट किंवा कोरडे ती हमखास पकडते, पण ग्रेनच्या दहाव्या भागाचा फरक तिला कळत नाही. त्यासाठी तराजू लागतोच. आणि दांडीची खूण लावणारा शेवटी माणूसच.

आपल्या महाराष्ट्राचाही या विद्येशी जुना संबंध आहे. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. देश स्वतंत्र झाल्यावर १९६४ साली जळगाव जिल्ह्यात वरणगाव येथे काडतुसांचा कारखाना निघाला. २०२१ साली सरकारी दारूगोळा कारखान्यांची जी नवी मांडणी झाली, तीत हे ‘म्युनिशन्स इंडिया’ या सरकारी कंपनीकडे आले. तिचे मुख्य कार्यालय पुण्यातच आहे. आपल्या देशात परवान्यावाचून काडतुसे तयार करणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. तेव्हा ही माहिती घरी करून पाहण्यासाठी नाही, हे तरुण श्रोत्यांनी ध्यानात घ्यावे.

मग ती ऐकायची कशासाठी? गुरुजनांना एक सुचवावेसे वाटते. वर्गात हा इतिहास सांगताना मुलांना एवढेच विचारावे, की गेटिसबर्गचा शिपाई, ‘थंडरर’वरचा गोलंदाज आणि दांडा ओढणारा हौशी माणूस, या तिघांत आळशी कोण होता? कोणीच नव्हता. तिघेही मन लावून काम करीत होते. चूक झाली ती भरणाऱ्यालाच तपासणारा समजल्यामुळे. दवाखान्यात औषधाची मात्रा देणारी परिचारिका असो, फवारणीच्या पंपात औषध घालणारा शेतकरी असो, की सहकारी सोसायटीत रकमा मांडणारा कारकून असो, झाकण लागण्यापूर्वी दुसऱ्या कशाने तरी, दुसऱ्या डोळ्याने, खुणेने किंवा तराजूने माप पडताळून घेणे यात अविश्वास नाही. ज्याने माप घातले, त्याच्याही जिवाची ती राखण आहे.